टोपली पालथी घालून पाहा!

आमचे चिरंजीव अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहेत. मागे एका उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहण्याचा योग आला. तिकडे शनिवारी लोक घरातल्या नकोशा चीजवस्तू अंगणात मांडून विकतात. अशाच एका अंगणातून मी पंचवीस डॉलर मोजून एक सुबक टोपली आणली आणि ऐटीत म्हटले, "सूनबाई, ही घ्या तुमची लाँगाबर्गर!"

शेजारच्या वृद्ध बाई चहाला आल्या होत्या. त्यांनी टोपली हातात घेतली, पालथी घातली आणि हसून विचारले, "हिच्यावर नाव कुठे आहे?"

माझा चेहरा टोपलीसारखाच पालथा झाला. पण तेव्हापासून जी शिकवणी मला मिळाली, ती वाचकांना फुकट देतो.

ही लाँगाबर्गर म्हणजे ओहायोतल्या ड्रेस्डेन नावाच्या खेड्यातली टोपली. डेव्ह लाँगाबर्गर यांचे वडील टोपल्या विणीत. डेव्ह यांनी १९७३ साली त्याचाच धंदा मांडला. बायका ओळखीच्या घरी मेळावे भरवून टोपल्या खपवीत. धंदा इतका फोफावला, की १९९७ साली कंपनीने नेवार्क गावी सात मजली कचेरी बांधली, तीही थेट टोपलीच्या आकाराची, वर दोन कड्यांसह!

आता पारख. टोपलीच्या रूपावर भाळू नये. आधी ती पालथी घालावी. तळाच्या पट्टीवर कंपनीचे आणि ड्रेस्डेनचे नाव डाग देऊन उमटवलेले असते. नुसती चिकटवलेली चिठ्ठी दिसली, तर सावध व्हावे. त्या डागाजवळच विणणाराच्या नावाची आद्याक्षरे आणि तारीख हाताने लिहिलेली असते. मग आतले कापडी अस्तर काढून पट्ट्या निरखाव्यात. त्या मेपलच्या लाकडाच्या असतात. वेताची वीण दिसली, तर ती नक्कल. मात्र अस्सल म्हणजे महाग, असे समजू नये. एके काळी हौशी लोक या टोपल्यांना भारी मोल देत. पुढे भाव कोसळले आणि २०१८ साली मूळ कंपनीही बंद पडली.

"मग आता या खुणा पाहायच्या कशाला?" मी विचारले.

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ड्रेस्डेनला विणायला होते. दर शनिवारी मी टोपल्या पालथ्या घालते, त्या माझी अक्षरे शोधायला."

"सापडली कधी?"

"तीनदा. दोन विकत घेतल्या. तिसरी एका घरी दिसली. तिच्यात कांदे होते. ती तशीच राहू दिली. ती अजून कामात होती."

साताऱ्याला परतल्यावर मी स्वयंपाकघरातले जुने सूप काढले आणि पालथे घातले. पाठ कोरी! चाळीस वर्षे त्यात तांदूळ पाखडले गेले. पण ते विणले कोणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. ते घेताना आम्ही घासाघीस मात्र केली असणार, यात शंका नाही.

पुढच्या आठवड्याच्या बाजारात बुरडीण बसली होती. नवे सूप घेतले आणि तिला नाव विचारले. ती हसून म्हणाली, "नाव लिहिल्यानं काय जास्त पाखडतंय व्हय, दादा?"

तिचे म्हणणे खरेच होते. तरीही घरी आल्यावर सुपाच्या पाठीवर तिचे नाव आणि तारीख शाईने लिहून ठेवली. त्या दिवशी भाव मात्र पाडून मागितला नाही.