सूर्या प्रकल्पाचे लघु जलविद्युत्‌गृह

पश्चिम रेल्वेवरील वाणगाव हे दोन अगदी भिन्न प्रकृतींच्या वीजकेंद्रांमध्ये वसलेले आहे. पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचे अणुवीजकेंद्र. त्याचे पहिले दोन संच १९६९ साली कार्यान्वित झाले व २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन संचांची भर पडली. पूर्वेस सूर्या या वैतरणेच्या उपनदीवर धामणी धरण असून त्याच्या पायथ्याशी अवघ्या ६ मेगावॅटचे जलविद्युत्‌गृह आहे. आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत्‌केंद्रास 'लघु' म्हणतात. परंतु हे विशेषण क्षमतेचे माप सांगते, कार्याचे नव्हे.

विजेचे जाळे म्हणजे धान्याचे कोठार नव्हे. ज्या क्षणी जेवढी मागणी, त्या क्षणी तेवढीच निर्मिती व्हावी लागते. हा तोल ढळताच ५० हर्ट्झ ही वारंवारता ढळू लागते. अणुभट्टी स्थिर भार अखंड वाहते. जलचक्र मात्र काही मिनिटांत सुरू होऊन भार उचलते. म्हणूनच कोयनेसारखी मोठी जलविद्युत्‌केंद्रे मागणीचे चढउतार सांभाळतात.

धामणीस ही मोकळीक मर्यादित आहे. सेकंदास एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले, तर गळती व घर्षण वगळता सुमारे ९.८ किलोवॅट शक्ती मिळते. अर्थात निर्मिती पाण्याच्या उंचीवर आणि प्रवाहावर अवलंबून असते. येथे प्रवाह ठरतो तो प्रामुख्याने खालच्या गरजेनुसार. सोडलेले पाणी कवडासच्या बंधाऱ्यापाशी अडवून कालव्यांत वळविले जाते. जी ऊर्जा एरव्ही धरणाच्या पायथ्याशी वाया गेली असती, तीच हे वीजगृह टिपते, आणि त्यासाठी पाण्याचा थेंबही खर्च होत नाही.

तथापि या हिशेबात एक प्रश्न दडलेला आहे. सूर्येचे पाणी मुख्यतः डहाणू, पालघर व विक्रमगड भागातील शेतीसाठी योजिले होते, आणि त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. पुढे वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज ४० कोटी ३० लक्ष लिटर पाण्याची योजना आखली गेली. शेतीची मागणी हंगामी असते, तर शहरांची बारमाही. त्यामुळे शहरांकडे वळलेले पाणी वीजनिर्मितीस अधिक नियमितपणा देऊ शकेल. पाणी भाताच्या खाचरात गेले काय किंवा शहराच्या नळास गेले काय, जलचक्रास दोन्ही सारखेच. यास्तव प्रकल्पाचे यश केवळ निर्माण झालेल्या युनिटांवरून ठरविणे युक्त नव्हे. ते पाणी शेवटी कोणास मिळाले, याचीही नोंद त्या युनिटांशेजारीच व्हावयास हवी.