डर्टी डझन (घड्याळे)

'डर्टी डझन' हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सेनेसाठी बारा उत्पादकांनी एकाच तांत्रिक निकषानुसार बनवलेल्या मनगटी घड्याळांना संग्राहकांनी दिलेले नाव आहे. हे नाव १९६७ साली प्रदर्शित झालेल्या त्याच शीर्षकाच्या युद्धपटावरून रूढ झाले. सेनेच्या नोंदीत ही घड्याळे 'डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.' या आद्याक्षरांनी ओळखली जात. त्यांचा अर्थ 'घड्याळ, मनगटी, जलरोधक' असा होतो. जुन्या लष्करी घड्याळांच्या बाजारात त्यांना मोठी मागणी असून त्यांची पारख व मूल्यनिश्चिती हा संग्राहकांच्या अभ्यासाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

युद्धाच्या आरंभी ब्रिटिश भूदलात 'ए.टी.पी.' या वर्गातील घड्याळे वापरली जात. बाजारात उपलब्ध असलेल्या नागरी घड्याळांत किरकोळ बदल करून ती घेतलेली असत व त्यांची तबकडी बहुधा फिकट रंगाची असे. ब्रिटनमधील घड्याळ उद्योग युद्धसामग्रीच्या उत्पादनात गुंतलेला असल्याने नव्या निकषाची घड्याळे तटस्थ स्वित्झर्लंडमधून मागवण्यात आली. त्यांचा पुरवठा १९४५ मध्ये झाला. त्यामुळे यांतील बहुसंख्य घड्याळे प्रत्यक्ष युद्धापेक्षा युद्धोत्तर काळातच अधिक वापरली गेली. युद्धकाळात स्विस कारखान्यांचे ग्राहक दोन्ही बाजूंना होते. आयडब्ल्यूसी या कंपनीने जर्मन वायुदलासाठीही मोठ्या आकाराची निरीक्षक घड्याळे बनवली होती.

उत्पादक

ब्यूरेन, सीमा, इटर्ना, ग्रॅना, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्त्र, लेमानिया, लाँजिन, ओमेगा, रेकॉर्ड, टिमॉर आणि व्हर्टेक्स हे ते बारा उत्पादक होत. यांपैकी व्हर्टेक्स ही लंडनमधील कंपनी असून तिच्या घड्याळांतील यंत्रणा स्विस होती. प्रत्येकाने पुरवलेल्या नगांची संख्या फार वेगवेगळी होती. ओमेगा व रेकॉर्ड यांची घड्याळे सर्वाधिक, सुमारे २५,००० प्रत्येकी, तर ग्रॅनाची सर्वांत कमी, सुमारे १,००० ते १,५००, असल्याचा अंदाज संग्राहक देतात.

ओळखण्याच्या खुणा

निकष एकच असल्यामुळे बाराही घड्याळे दिसायला सारखी आहेत. काळी तबकडी, अरबी पद्धतीचे अंक, रेल्वेच्या रुळांसारखी मिनिटांची रेघ, सहाच्या जागी सेकंदाची लहान उपतबकडी, अंधारात चमकणारे काटे व खुणा, न फुटणारी पारदर्शक प्लॅस्टिकची काच आणि १५ माणकांची हाताने किल्ली देण्याची यंत्रणा ही त्यांची समान लक्षणे होत. अनेक नगांत पट्ट्याचे दांडे आवरणालाच पक्के जोडलेले असतात. व्यास साधारणपणे ३५ ते ३८ मिलिमीटर असतो. लाँजिनचे घड्याळ त्यांत मोठे असून ते 'ग्रीनलँडर' या टोपणनावाने ओळखले जाते.

तबकडीवर व मागच्या झाकणावर ब्रिटिश शासकीय मालमत्तेचे बाणचिन्ह असते. वरच्या टोकाला एकत्र येणाऱ्या तीन रेघा असे त्याचे रूप आहे. झाकणावर त्याच्या जोडीला 'डब्ल्यू.डब्ल्यू.डब्ल्यू.' ही अक्षरे आणि दोन क्रमांक कोरलेले असतात. एक क्रमांक उत्पादकाचा असतो व दुसरा सेनेच्या भांडाराचा. भांडार क्रमांकाच्या आरंभी बहुधा एक रोमन अक्षर असते. उदाहरणार्थ, व्हर्टेक्सच्या क्रमांकाआधी 'ए' व ओमेगाच्या क्रमांकाआधी 'वाय' आढळते. आतील यंत्रणेवरूनही खातरजमा करता येते. ओमेगाच्या घड्याळात '३० टी २', जेजर-लकूल्त्रमध्ये '४७९', तर आयडब्ल्यूसीमध्ये '८३' क्रमांकाची यंत्रणा अपेक्षित असते.

काही झाकणांवर नंतर कोरलेली अक्षरेही दिसतात. 'ए.डी.आर.आय.' ही अक्षरे इंडोनेशियाच्या भूदलाची आहेत. युद्धानंतर काही घड्याळे डच सैन्याकडे व त्यांच्यामार्फत इंडोनेशियात पोहोचली, त्याची ही खूण होय. असे कोरीवकाम बनावटपणाचा पुरावा ठरत नाही.

दीप्तिद्रव्य आणि त्याची परीक्षा

मूळ तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग वापरलेला होता. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असले, तरी त्याच्या किरणांनी उजळणारे झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होते. म्हणून मूळ तबकडी आज अंधारात चमकत नाही, परंतु तिचा किरणोत्सार जवळजवळ पूर्वीइतकाच असतो. रात्रभर तेजाने चमकणाऱ्या तबकडीवर नवा रंग चढवलेला आहे, असे मानावे लागते.

पुढील काळात रेडियमचा धोका लक्षात घेऊन सेनेने अनेक घड्याळांच्या तबकड्या बदलल्या. ट्रिटियमच्या तबकडीवर सामान्यतः वर्तुळातील रोमन 'टी' हे अक्षर असते. ट्रिटियमचे किरण दुर्बल असल्याने ते काचेबाहेर येत नाहीत. त्यामुळे किरणोत्सारमापक यंत्राने दोन्हींमधला फरक चटकन कळतो.

रेडियमचे कण श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेल्यास अपायकारक ठरतात. शिवाय रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. म्हणून अशी घड्याळे घरी उघडू नयेत, त्यांचा रंग खरवडू नये आणि अनेक घड्याळे एकत्र ठेवल्यास जागा हवेशीर असावी.

मूल्यनिश्चिती

किंमत मुख्यतः उत्पादक, दुर्मिळता, स्थिती व मूळपणा या चार गोष्टींवर ठरते. बाराही घड्याळांचा संच पुरा करण्याची इच्छा अनेक संग्राहकांना असते. त्यामुळे नागरी बाजारात फारसे नाव नसलेल्या ग्रॅनाच्या घड्याळालाही मोठी किंमत येते.

मूळपणाचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. सेनेच्या दृष्टीने घड्याळ हे एक साधन होते. लष्करी कार्यशाळांत अनेक घड्याळे एकाच वेळी उघडली जात आणि काटे, तबकड्या, कधी झाकणेही आपसांत बदलली जात. संग्राहक ज्याला आज दोष मानतात, ती त्या काळची योग्य देखभाल होती. म्हणून बदललेल्या भागांचे दोन वर्ग करणे आवश्यक ठरते. सेनेनेच बसवलेली तबकडी ही घड्याळाच्या सेवाकाळाची साक्ष असते व तिच्यामुळे किंमत काहीशी उतरली, तरी घड्याळ अस्सलच राहते. विक्रीसाठी अलीकडे रंगवलेली तबकडी किंवा नव्याने कोरलेले बाणचिन्ह यांना असे स्थान नाही.

एखादी खूण एकटीने पुरेशी नसते. तबकडी, काटे, यंत्रणा, आवरण व क्रमांक परस्परांशी जुळतात का, हे पाहणे निर्णायक असते. आवरण घासून चकचकीत केलेले असल्यास कडा गोलावतात, कोरीव अक्षरे पुसट होतात व मूल्य घटते. किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेल्या रकमेपेक्षा लिलावात प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेशी तुलना करणे अधिक विश्वसनीय असते. लाँजिनसारख्या कंपनीच्या अभिलेखातून क्रमांकाची पडताळणीही करता येते.

भारतातील संदर्भ

भारतात रंगवलेल्या तबकड्या व वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून तयार केलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुनी यंत्रणा चालती ठेवण्याचे घड्याळजींचे कसब त्यामागे असते. घड्याळाचे नवे रूप ग्राहकाला स्पष्ट सांगितले, तर त्यात फसवणूक नसते. तेच घड्याळ अस्सल लष्करी म्हणून विकले गेल्यास मात्र ती फसवणूक ठरते.

बाजारात या घड्याळांना सरसकट 'अँटिक' म्हटले जाते. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार मात्र अशा वस्तूला पुरावशेष ठरण्यासाठी किमान १०० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १९४५ मध्ये पुरवलेली घड्याळे अद्याप त्या व्याख्येत बसत नाहीत.