शिडीवरची मोकळी जागा

रात्री साडेनऊला टेंभुर्णी निवांत झालं की मी इन्व्हर्टरची बॅटरी बघतो, हेडफोन चढवतो आणि मुंबई अ‍ॅप्रोचला बसतो. खरी मुंबई इथून शेकडो किलोमीटरवर. माझी मुंबई व्हॅटसिमवरची. २००१ साली सुरू झालेल्या या जाळ्यावर जगभरचे लोक घरबसल्या सिम्युलेटरवर विमानं उडवतात आणि आमच्यासारखे त्यांना रांगेनं उतरवतात. पगार कुणालाच नाही, पण परीक्षा चुकत नाही. अ‍ॅप्रोचसाठी एस३ दर्जा लागतो.

रडारचा पडदा म्हणजे युरोस्कोप सरावाचा झाला होता. त्याला जोडायचं अ‍ॅरायव्हल मॅनेजर मात्र नवं. पडद्याच्या कडेला एक उभी शिडी दिसते. पायऱ्या मिनिटांच्या, तळाशी आत्ताची वेळ. येणारं प्रत्येक विमान ज्या मिनिटाला टेकणार तिथं लटकलेलं असतं आणि हळूहळू खाली सरकतं. नावाशेजारी आकडा असतो: याची एवढी मिनिटं घालवा.

आधी त्यात चालू धावपट्टी भरायची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. ८ डिसेंबर २०१८ला खऱ्या मुंबईनं याच अडचणीत २४ तासांत १००७ विमानांची ये-जा सांभाळली. तो आकडा आठवला की मी माझ्या सात-आठ विमानांकडे जास्त लक्ष देऊन बघतो.

पहिल्याच रात्री चुकलो. शिडीवर एका बोइंग ७७७च्या मागे बरीच जागा मोकळी दिसली. मागचं ए३२० मी माऊसनं ओढून तिथं बसवलं. रांग घट्ट झाली, बरं वाटलं. कानात मार्गदर्शकाचा आवाज आला, “अरे, ती जागा मोकळी नाहीये. ७७७ची आहे ती.”

“सर, तीन मैल ठेवलेत की.”

“जड विमानामागं पाच लागतात. भोवरे कुणाचे?”

पंखांच्या टोकांपासून सुटणारे हवेचे भोवरे पडद्यावर उमटत नाहीत. दीडशे नॉटच्या वेगाला पाच मैल म्हणजे बरोबर दोन मिनिटं, तीन मैल म्हणजे एक मिनिट बारा सेकंद. सॉफ्टवेअरनं दोन मिनिटं राखली होती, मी ती खाल्ली. ए३२०ला गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा आदेश, द्यावा लागला.

मग लक्षात आलं की आकडा वाचायचा तो विमान लांब असताना. शंभर मैल बाकी आहेत आणि चार मिनिटं घालवायचीत. तीनशे नॉटचा वेग अडीचशेवर आणला की वीस मिनिटांचा रस्ता चोवीस मिनिटांचा होतो. एक वाक्य पुरतं. तेच पंधरा मैलांवर सुचलं तर वळणांवर वळणं द्यावी लागतात आणि मागची सगळी रांग हलते. होल्डिंगचा, म्हणजे एकाच जागी घिरट्या घालण्याचा, एक फेरा चार मिनिटांचा, त्यामुळे दीड मिनिट घालवायला तो उपयोगाचा नाही.

हे सॉफ्टवेअर मिनिटं सांगतं. ती वेगातून काढायची, वळणातून की होल्डिंगमधून, ते आपल्याला ठरवावं लागतं. मला या कामात सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

काल पुन्हा ७७७ आलं, मागे ए३२०. नव्वद मैलांवरच ए३२०ला वेग कमी करायला सांगितलं. शेजारचा आकडा तीनवरून दोन झाला, मग एक, मग पुसला गेला. मधली दोन मिनिटं तशीच खाली सरकत आली.