ग्रुप पंचवीस, पण गिऱ्हाईक कुठाय?

वणीतल्या आपल्या कुठल्याही तरुणाचा मोबाईल पाहा. वस्तीचा ग्रुप, विहाराचा ग्रुप, जयंती समितीचा, भावकीचा, तालुक्यातल्या कार्यकर्त्यांचा. दिवसभर नमो बुद्धाय, जय भीम, वाढदिवस, सत्कार. याच पोरांमध्ये कुणी वायरिंग करतो, कुणी फ्लेक्स छापतो, कुणी भाड्याने पिकअप चालवतो, कुणाची बहीण ब्लाऊज शिवते. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला : या ग्रुपांतून महिन्याला किती कामे मिळतात? बहुतेकांनी हसून विषय बदलला.

नंतर आम्ही त्यांच्यासोबत बसून ग्रुपमधली नावे ताडून पाहिली. ग्रुप वेगवेगळे, माणसे तीच. जाहिरात टाकली तरी ती पाहणारे आपलेच मामा, आपलाच दोस्त, आणि त्यांच्या घरचे वायरिंग केव्हाच झालेले!

समाजशास्त्रात याचे चांगले उत्तर आहे. अमेरिकेतले मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये 'कमकुवत दुव्यांची ताकद' हा विचार मांडला. बॉस्टनजवळच्या एका गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्यांनी विचारले, ही ओळख किती जवळची? नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळली असे सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊकच असते. नवी बातमी, नवे काम लांबच्या ओळखीतून येते.

आपल्याकडे यात जात येते. दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या द्राक्षबागायतदाराला शेडमध्ये लाईट बसवायची असेल, तर तो आधी नात्यात, मग सोसायटीत विचारतो. त्या वर्तुळात आपल्या पोराचा नंबरच नसतो. कसब असून उपयोग काय? बाबासाहेबांनी परदेशातून आल्यावर मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक थांबले आणि पेढी बंद पडली. एवढी विद्वत्ता असलेल्या माणसाचे हे झाले.

म्हणून सोशल मीडियाचा धंद्याला खरा उपयोग आम्हाला इथे दिसतो : ज्या दारात आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे आपले काम आधी पोहोचते. नवरात्रात गडावर जाणाऱ्या कितीतरी गाड्या, सापुताऱ्याला निघालेली कुटुंबे वणीतून जातात. त्यांची गाडी बंद पडली की ते कुणाच्या नात्यात विचारत नाहीत, मोबाईलवर नकाशा उघडतात. गुगलच्या नकाशावर गॅरेज, खानावळ किंवा दुकान नोंदवायला पैसे लागत नाहीत. तरी आपल्यातल्या फार थोड्यांनी ते केले आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस भारतात जानेवारी २०१८ मध्ये आले. तेही फुकट. कामाचे फोटो आणि दर त्यात कॅटलॉगसारखे लावता येतात. आमचा आग्रह आहे की धंद्याचा नंबर वेगळा ठेवा. चळवळीच्या फॉरवर्डमध्ये तुमचे दरपत्रक हरवते. एक तांत्रिक गोष्टही लक्षात ठेवा. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यालाच जातो. तेव्हा काम संपवून निघताना, "दादा, माझा नंबर सेव्ह करून घ्या," असे म्हणायला लाजू नका. शेडच्या मालकाने तुमच्या कामाचा फोटो त्याच्या गावच्या ग्रुपवर टाकला, तर तुमच्या शंभर स्टेटसपेक्षा तो जास्त कामाचा. मागून घ्या तो.

आणि कृपा करून आपल्याच माणसाकडे उधारीवर काम मागू नका. हे थोडे विषयांतर झाले, पण पोरांची पहिली तक्रार हीच होती.

सगळ्यात जास्त वाद झाला तो नावावर. प्रोफाईलवर आडनाव लिहायचे का? बुद्धांचा फोटो ठेवायचा का? भीती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की पात्रता सारखी असली तरी दलित आडनावाच्या अर्जाला कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता कमी असते. आमचे मत असे की प्रोफाईलला दुकानाचे नाव आणि कामाचा फोटो असावा, पण कुणी विचारलेच तर नाव लपवू नये. पिकअपवाल्या भावाला हे पटले नाही. त्याच्या काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम आहे, ते पाहून दोन भाडी गेली, असे तो म्हणाला. पुसणार का, विचारले तर म्हणाला, "नाही पुसणार. तिसरे शोधीन."

पुढच्या रविवारी तो येणार आहे, गाडी नकाशावर कशी टाकायची ते शिकायला.