खेळ तोच, डाव नवा

घरांतील मुलें एखाद्या खेळांत रंगून गेलीं म्हणजे वडील मंडळींकडून सामान्यतः दोनच प्रश्न निघतात: हा खेळ संपतो केव्हां, आणि यांत शिकण्यासारखें काय आहे? ‘पोकेमॉन’ या जपानी व्हिडिओ गेमपुरतें पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. १९९६ पासून तो संपलेलाच नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचा मात्र येथें थोडा विचार करावा असें आम्हांस वाटतें. एकच परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाची, तर तींत काय बदलावें आणि काय जपावें, हा प्रश्न केवळ खेळणाऱ्यांचा नव्हे.

या खेळाचे जनक सातोशी ताजिरी हे तोक्योनजीक माचिदा येथें वाढले. बाळपणीं त्यांस किडे पकडून जमविण्याचा मोठा नाद. पुढें शहर वाढलें, शेतें व डबकीं बुजलीं, आणि तो छंद मुलांस दुर्मिळ झाला. ताजिरी यांनीं १९८३ मध्यें ‘गेम फ्रीक’ नांवाचें हस्तलिखित मासिक काढलें. १९८९ मध्यें त्याच नांवाची कंपनी स्थापन केली. निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातांत मावणाऱ्या यंत्रांची जोडी एका तारेनें जुळवितां येई. इतर खेळांत या तारेचा उपयोग मुख्यतः दोघांनीं लढावें म्हणून होई. ताजिरी यांस मात्र तींत देवघेव दिसली.

सुमारें सहा वर्षांच्या खटपटीनंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, म्हणजे ‘खिशांतील राक्षस’, हा खेळ लाल व हिरवा अशा दोन आवृत्त्यांत निघाला. कांहीं प्राणी एकींतच सांपडावयाचे, कांहीं दुसरींतच. कांहींचें तर पुढील रूपांतर दुसऱ्याच्या हातीं गेल्यावांचून होतच नसे. संग्रह पुरा करावयाचा तर मित्र हवाच! दोन आवृत्त्यांमुळें विक्रीहि वाढते, हा आक्षेप खोटा नाहीं. तथापि एकट्यानें पुरा होऊं नये असा खेळ मुद्दाम रचणें, हीच आमच्या मतें या मालिकेंतील सर्वांत मोठी नवी गोष्ट होय.

पुढील नवेपणा हळूहळू आला. १९९९ च्या सोनेरी व चंदेरी आवृत्त्यांत घड्याळ आलें. दिवसा एक प्राणी, तर रात्रीं दुसराच भेटूं लागला. अंडीं व पिलें आलीं. मूळच्या १५१ प्राण्यांत १०० नव्यांची भर पडली. २००२ मध्यें प्राण्यांस उपजत गुण मिळाले व दोघांविरुद्ध दोघे अशी लढत सुरू झाली. २००६ मध्यें इंटरनेटवरून परदेशस्थ खेळाडूंशीं देवघेव शक्य झाली. २०१० च्या काळ्या व पांढऱ्या आवृत्त्यांत तर या प्राण्यांस असें पकडणेंच न्याय्य आहे काय, असा प्रश्न कथेंतील एका पात्रानेंच विचारला. २०१३ मध्यें चित्रांस खोली आली, आणि खेळ जगभर एकाच दिवशीं प्रसिद्ध झाला. २०१६ मध्यें नायंटिक या कंपनीनें ‘पोकेमॉन गो’ काढून मोबाईल हातीं घेतलेल्या लोकांस रस्त्यांत व बागांत फिरावयास लावलें.

परंतु सुधारणा फुकट मिळत नाहीं. २००२ च्या आवृत्तींत जुन्या यंत्रांवरील प्राणी नेतांच येईनात. त्या वेळेपासून मात्र कित्येकांनीं आपले सवंगडी एका यंत्रांतून दुसऱ्यांत जपून आणले होते. २०१९ मध्यें ‘स्वोर्ड’ व ‘शील्ड’ यांत सर्व जुन्या प्राण्यांस प्रवेश नाहीं, असें निर्मात्यांनीं जाहीर केलें, तेव्हां मोठा गहजब उडाला. निर्मात्यांची अडचण खरी होती. आठशेंहून अधिक प्राण्यांचीं चित्रें नव्यानें घडविणें व त्यांच्या बळाचा मेळ राखणें हें काम लहान नव्हे. खेळणाऱ्यांचें दुःखहि खरें होतें. सर्वांना पकडा, हें ब्रीद ज्यांस लहानपणीं शिकविलें, त्यांसच मोठेपणीं कांहींना मागें ठेवा म्हणून सांगण्यांत आलें.

२०२२ मध्यें दोन धाडसी प्रयोग झाले. नोव्हेंबरांतील ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ यांत वाटेल त्या दिशेनें फिरावयाचें मोकळें जग होतें. तीन दिवसांत एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. पण चित्रें अडखळत व दोषहि बरेच दिसत, म्हणून डिसेंबरांत निन्टेन्डोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. येथें कल्पना चुकली नाहीं, घाई नडली.

जानेवारींतील ‘लेजेंड्स: आर्सिअस’ चा प्रयोग अधिक विचार करावयास लावणारा आहे. त्यांत नेम धरून चेंडू फेकला कीं प्राणी पकडतां येतो. आवृत्ति एकच, आणि जे रूपांतर पूर्वीं देवघेवीवांचून होत नसे, तें आतां एका वस्तूनें एकट्यासहि साधतें. त्या वस्तूचें नांवहि जुन्या जोडतारेवरूनच ठेवलेलें आहे! ज्या मुलास सवंगडी नाहीं, त्याची यानें मोठी सोय झाली, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकास असलेला माणूस यांत अनावश्यक ठरला, हेंहि विसरतां येत नाहीं. २०२५ च्या ‘लेजेंड्स: झेड-ए’ मध्यें पाळीपाळीनें लढण्याची मुख्य मालिकेची चालहि सोडून देण्यांत आली.

चाल बदलो, चित्रें बदलोत. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पाळीपाळीची लढत हें साधन होतें, देवघेव हा हेतु होता. साधनें काळाप्रमाणें टाकावीं. पण हेतु टाकण्यापूर्वीं दहादां विचार करावा. हीच कसोटी आम्ही वडील मंडळींसहि सुचवितों. या खेळाची नवी आवृत्ति घरांत आली, तर तिचे रंग व किंमत यांबरोबरच आणखी एक गोष्ट पाहावी: मूल ती घेऊन कोपऱ्यांत बसतें, कीं धाकट्या भावंडास हांक मारतें.