नदीचे पाकट आणि घरातली टाकी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तहसिलीतील मौजे चिखला हे मँगनीजच्या खाणीमुळे प्रसिद्धीस आले असले, तरी ज्या मुलुखात ते वसले आहे त्याची जुनी ओळख मालगुजारांच्या अमदानीपासून चालत आलेल्या तलावांची आहे. अशा मुलुखातील माणसाला मासा आणि पाणी यांचे प्रमाण निराळे शिकवावे लागू नये. परंतु तलावाकाठी वाढलेली नजरही काचेच्या टाकीपुढे फसते खरी. मोठ्या शहरांतील शोभिवंत माशांच्या दुकानात बशीएवढे, तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके मिरविणारे 'मोटोरो' जातीचे पाकट पाहिले, की आपल्या क्वार्टरातल्या चार फुटी टाकीत ते सुखाने नांदेल असे वाटू लागते, आणि दुकानदारही बहुधा या वाटण्याला हरकत घेत नाही.

मासा टाकीच्या मापाने वाढतो, हा या बाबतीतला सर्वांत जुनाट आणि सर्वांत घातक गैरसमज होय. अपुऱ्या जागेत माशाची वाढ खुंटते, हे निरीक्षण खोटे नाही. मात्र ती खुंटते साचलेल्या मळाने, उपासमारीने आणि रोगाने, आणि त्याला जुळवून घेणे म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे. दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतले हे पाकट नीट पोसले गेले, तर शेपटी वगळून त्याच्या चकतीची रुंदी दीड-दोन फुटांपर्यंत जाते. माद्या नरांहून मोठ्या होतात आणि दहा-पंधरा वर्षे जगतात. 'टीकप' या नावाने विकली जाणारी पाकटे म्हणजे खुजी जात, असेही पुष्कळजण मानतात. वस्तुतः ते व्यापाऱ्यांनी पिलांना दिलेले गोंडस नाव आहे, आणि चहाच्या कपाची मर्यादा ती पिले फार दिवस पाळत नाहीत.

दुसरी चूक हिशेबाची आहे. टाकी किती लिटरची, हा प्रश्न इतर माशांपुरता ठीक. पाकट हा तळाचा जीव असल्यामुळे त्याच्या बाबतीत उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ, आणि त्यातही रुंदी, निर्णायक ठरते. वाळूत अंग पुरून पडलेल्या पाकटाकडे जवळून पाहिले, तर डोळ्यांच्या लगत मागे असलेली दोन छिद्रे संथपणे उघडमीट करताना दिसतात. तोंड खाली वाळूकडे असल्याने श्वासाचे पाणी ते या छिद्रांतून आत घेते. मग ते उठते, कडांच्या लाटा करीत सरकते आणि काचेशी येऊन थबकते, किंवा काचेवर चढून पांढरे पोट दाखविते. मालकाला ही लाडीगोडी वाटते, पण पुष्कळदा पुढे जायला वाटच उरलेली नसते. दोन फुटांच्या चकतीला अंग न घासता वळायचे, तर टाकीची रुंदी चार फूट तरी हवी, आणि लांबी आठ फूट. त्यात दोन फूट पाणी भरले, की ते 64 घनफूट, म्हणजे सुमारे 1800 लिटर होते. नुसत्या पाण्याचे वजन पावणेदोन टनांच्या वर, आणि दहा बाय बाराच्या खोलीतील चौथ्या हिश्शाहून अधिक जमीन त्या टाकीच्या कबज्यात. याउलट चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितक्याच उंचीच्या टाकीत 255 लिटर पाणी मावते, आणि तिची रुंदी वाढलेल्या पाकटाच्या चकतीएवढीही नसते.

जागेची तजवीज झाली तरी मामला संपत नाही. मांसाहारी आणि खादाड असलेला हा जीव पाण्यात अमोनिया सोडीत राहतो. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचे ठरविले, तर मे महिन्यात सहाशे लिटर पाणी, तेही क्लोरीन काढलेले, कुठून आणायचे, हा प्रश्न भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात गंभीर होतो. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांना तो सातवर येतो. अशाच एखाद्या दुपारी वीज गेली आणि गाळणयंत्र बंद पडले, तर पाकटाची शाश्वती कोणी देऊ नये.

पाकट म्हटले की समुद्र, म्हणून पाण्यात मीठ टाकणारेही आहेत. समुद्रातली पाकटे रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात. ही नदीची पाकटे ती क्षमता केव्हाच गमावून बसली आहेत. शेपटीवरचा विषारी काटा कापला की भय संपले, हेही खरे नव्हे, कारण तो पुन्हा येतो. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून तडक दवाखाना गाठावा.

दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे, हेही ध्यानात असावे. ब्राझीलच्या शिंगू नदीतील पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या पाकटासह सात जाती 2022 साली पनामा येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखाली आल्या, आणि 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या आपल्या सुधारित वन्यजीव कायद्याने त्या व्यापार-नियंत्रणाच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावर नोंदणीची जबाबदारी टाकली आहे.

राहता राहिला शेवटचा उपाय, जो उपाय नाहीच: मोठे झालेले पाकट गावच्या तलावात सोडून देणे. सिंगापूरच्या जलाशयांत असे मोटोरो जातीचे पाकट स्थिरावले आहे. आपल्याकडे उजनी धरणात सकर माशाने काय केले, ते तिथल्या मच्छीमारांना विचारावे. आमच्या तलावांत मासे धरणारा ढीवर अनवाणी पायांनी गाळात उतरतो, आणि पाकट नेमके गाळातच दडून बसते. तेव्हा ज्याला हा जीव पाळायचाच आहे, त्याने टाकी न घेता अंगणात सावलीचा दहा बाय सहा फुटांचा पक्का हौद, मोठे गाळणयंत्र आणि वीज गेल्यास चालणारा जनरेटर यांचा अंदाजखर्च आधी काढावा, आणि पिलाची किंमत दुकानदाराला त्यानंतर विचारावी.