सापासाठी खणांचे कपाट

साप म्हटला की आपल्याकडे दोन चित्रे चटकन डोळ्यांपुढे उभी राहतात. एक नागपंचमीला पाटावर गंधाने रेखलेल्या नागाचे, आणि दुसरे ओरडा होताच काठी घेऊन धावणाऱ्या माणसांचे. सापाच्या निवाऱ्यासाठी कोणी गुण्या आणि करवत हाती घ्यावी, फळ्या मोजाव्यात, त्याच्या उबेची चिंता वाहावी, हे तिसरे चित्र आपल्या परिचयाचे नाही. अमेरिकेत व युरोपात मात्र साप पाळणारे हौशी लोक आहेत, आणि त्यांतील पुष्कळजण सापांसाठी खणांचे कपाट घरीच तयार करतात.

या कपाटातला नेहमीचा रहिवासी म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ हा लहान अजगर होय. तो बिनविषारी असून त्याची लांबी साधारणतः तीन ते पाच फूट भरते. भ्यायला की तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. १९९२ साली अमेरिकेत या जातीतील रंगद्रव्यहीन, पिवळ्या-पांढऱ्या सापाची वीण बंदिस्त जागेत यशस्वी झाली, आणि तेव्हापासून नवनव्या रंगांचे साप पैदा करण्याचा मोठा व्यवसायच उभा राहिला. एकेका घरात डझनावारी साप आले. प्रत्येकाला काचेची स्वतंत्र पेटी द्यायची, तर माणसांना जागा उरेना. तेव्हा पेट्या एकावर एक रचण्याची ही युक्ती सर्वत्र रूढ झाली.

ही केवळ जागेची काटकसर आहे, असे मात्र नाही. रानात हा साप दिवसाचा काळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात काढतो. अंधारी, अरुंद आणि अंगाला चहूबाजूंनी टेकणारी जागा त्याला सुरक्षित वाटते. चारी बाजूंनी उघड्या दिसणाऱ्या काचेच्या पेटीत पुष्कळ साप बिथरतात व आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाहीत. अंधारा खण त्याला बिळाची आठवण करून देतो, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सापाचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करू शकत नाही. ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. थंडी वाजली की उन्हात यावे, तापले की सावलीत सरकावे, हा त्याचा जीवनक्रम. गिळलेला उंदीर पचविण्यासाठीही ही ऊब लागते. ती न मिळाल्यास अन्न पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून खणाचे एक टोक सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सियस आणि दुसरे २५ ते २७ अंश ठेवावे लागते. निवड सापाने करावयाची असते. माणसाने दोन्ही पर्याय उपलब्ध ठेवावयाचे असतात.

आता बांधणी. येथे नवशिका बहुधा पहिलीच चूक करतो. तो आधी कपाट करतो आणि मग त्यात बसतील असे प्लॅस्टिकचे डबे शोधीत हिंडतो. वास्तविक डबे आधी विकत घेऊन त्यांच्या मापाने फळ्या कापावयाच्या असतात. कारण या कपाटात डब्यांना झाकणे नसतात. वरची फळी हेच खालच्या डब्याचे झाकण. डब्याची कड आणि फळी यांमध्ये डबा सरकण्यापुरतीच फट हवी. बोटभर फट राहिली, तर सापाचे पिलू रात्रीतून पसार झालेच म्हणून समजावे. कारण जेथून डोके जाते, तेथून साप जातो. यास्तव सांगाडा काटकोनात आहे की नाही हे गुण्याने पाहावे, आणि दोन्ही कर्ण मोजून ते समान भरतात याची खात्री करून घ्यावी. एक कर्ण जरी अधिक भरला, तरी डबा एका बाजूस अडकतो व दुसऱ्या बाजूस फट पडते.

प्रत्येक फळीच्या मागील भागात उथळ खाच पाडून तीत विजेने तापणारी पट्टी बसवितात. ही पट्टी उष्णतानियंत्रकाखेरीज कधीही जोडू नये. नियंत्रणावाचून ती इतकी तापू शकते, की वर वेटोळे घालून बसलेल्या सापाचे पोट भाजते, आणि क्वचित घरास आग लागण्याचाही धोका असतो. हवेसाठी डब्याच्या बाजूंना भोके पाडतात, ती आतून बाहेर. म्हणजे धारदार कडा बाहेर राहतात व सापाचे नाक खरचटत नाही. खाली कागद किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा पसरतात. देवदाराचा भुसा मात्र वर्ज्य, कारण त्यातील उग्र तेल सापास अपायकारक असते. पाण्याचे जड भांडे आणि लपावयास लहानसा आडोसा ठेवला, की खण सिद्ध झाला. तरीही साप लगेच आत सोडावयाचा नाही. रंगाचा वास पूर्णपणे जाऊ द्यावा, काही दिवस कपाट रिकामेच चालवावे, आणि दोन्ही टोकांचे तापमान सकाळ-संध्याकाळ तपासावे.

एवढे सारे बिनचूक साधले, तरी एक प्रश्न उरतोच. बंदिस्त जागेत हा साप वीस-तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात साठी उलटलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली. एवढे दीर्घ आयुष्य ज्या खणात काढावयाचे, त्यात अंग सरळ ताणण्याइतकीही जागा नसावी काय? पैदास करणारे म्हणतात, साप खातो, वाढतो, वीण करतो. अर्थी तो सुखी आहे. प्राणिकल्याणाचे पुरस्कर्ते म्हणतात, जगणे आणि सुखाने जगणे यांत अंतर आहे. सापाला पूर्ण लांबता यावे, चढता यावे, असा आग्रह आता वाढत आहे.

आपल्या देशात याच तत्त्वावर उभे असलेले एक फार साधे घर आहे. चेन्नईच्या दक्षिणेस वडनेम्मेली येथे इरुळा जमातीच्या सर्पपारध्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. सर्पदंशावरील औषधासाठी तेथे नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष काढतात. हे साप मातीच्या मडक्यांत राहतात. तळाशी वाळू, आत अंधार आणि गारवा, तोंडावर दोरीने बांधलेले सुती कापड. ऊब वेगळी द्यावी लागत नाही. ती तेथील हवेतच आहे. मात्र तीन-चार आठवड्यांनी त्या सापांना पुन्हा रानात सोडले जाते. मडके हा मुक्काम आहे, कायमचे घर नव्हे.

हौसेसाठी साप पाळण्याचा मार्ग भारतात कायद्याने अडविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येथील रानटी साप पकडून पाळणे हा गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही आवश्यक झाली आहे. तेव्हा हे कपाट आपल्या घरी करण्याचा प्रसंग फारसा येणार नाही. परंतु अंधार, ऊब, हवा आणि अंग टेकायला आडोसा, या सापाच्या गरजा ज्याला एकदा कळल्या, त्याला पावसाळ्यात सरपणाच्या ढिगात साप का शिरतो, हेही कळते. मग तो काठी शोधीत नाही. लाकडे घराच्या भिंतीपासून दूर रचतो आणि जाणत्या सर्पमित्राला निरोप धाडतो.